नलूकाकूची चारची बेल

काकू, तू गेल्यापासून चार वाजता गार्डरूममधली बेल वाजत नव्हती. आधी ते गार्ड रामकिशनच्या लक्षात आलं, मग माझ्या. मी घरून काम करत असले की चारच्या सुमाराला माझा फोन टेबलावर एकदा थरथरायचा, पडद्यावर तुझा फ्लॅट नंबर यायचा आणि मी मनात म्हणायचे, चलो, काकूचा हात आजही "चुकून" लागला. मग मीही चहा ठेवायला उठायचे. आता चार वाजून जातात, फोन मख्खासारखा पडून राहतो आणि माझा चहा रोज लांबतो.

रडायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे, कारण रडकी मुलं तुला आवडायची नाहीत. शाळेत खेळताना कुणाचा गुडघा फुटला तर तू आधी गोल झाला का ते विचारायचीस आणि मग आयोडीन काढायचीस, असं तूच मोठ्या ऐटीत सांगायचीस. तेव्हा रडण्याचा भाग मी मिलिंदशी फोनवर बोलताना उरकून घेतलाय. तुझा मुलगाही चांगलाच रडला, पण ते तुला सांगणार नाही असं मी त्याला वचन दिलंय. आज मी तुला बातमी द्यायला बसले आहे. सोसायटीच्या अ‍ॅपवरच्या आपल्या मदतीच्या बटणाचं काय करायचं, ते काल रविवारच्या मीटिंगमध्ये ठरायचं होतं. सेक्रेटरी भाटियाजींना बटणाचा पहिला दाब दहा सेकंद अडवून धरायचा होता, आणि ते काम त्यांनी मलाच दिलं होतं. म्हणजे ज्यावरून तू माझ्याशी एवढी भांडलीस, तेच तू गेल्यावर माझ्या हातून व्हायचं होतं. काय झालं ते सांगते, पण क्रमाने सांगते. मधे शिट्टी वाजवू नकोस.

आपली ओळख लिफ्टपाशी झाली. मला ऑफिसला उशीर झाला होता, लिफ्ट वर कुठेतरी ठाण मांडून बसली होती आणि मी बटण पुन्हा पुन्हा दाबत आईशी फोनवर मराठीत वैतागत होते. मागून आवाज आला, "कळलंय गं त्याला. एकदा दाबलं की दिवा लागतो. दिवा लागला की गप्प उभं राहायचं." वळून बघते तर इरकली साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात चष्म्याच्या दोरीशेजारी शिट्टी. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला तरी खेळाच्या बाईंच्या गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. मी "सॉरी हं, अहो काकू" म्हटलं, तर तू म्हणालीस की अहोजाहो करून घ्यायला तू काही माझी सासू नाहीस. त्या दिवसापासून आपलं "अगं काकू" सुरू झालं ते झालंच.

मजा म्हणजे त्याच दिवशी ऑफिसात मी नेमकं तेच काम करणार होते. मी जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅप आणि वेबसाइट लिहिते. माणसं स्क्रीनवरचं बटण अधीरपणे दाबत सुटतात, आणि दर दाबाला त्यामागचं काम नव्याने सुरू झालं तर सगळाच घोळ होतो. म्हणून त्या कामाला आवर घालावा लागतो. कितीही दाबा, अमुक वेळात ते एकदाच चालणार. संध्याकाळी तुझ्याकडे चहाला आले तेव्हा मी हे तुला मोठ्या उत्साहाने समजावलं. सगळं नीट ऐकून घेऊन तू म्हणालीस की म्हणजे लिफ्टच्या बटणाला जी अक्कल आहे ती तुम्ही कंप्यूटरला शिकवता आणि वर स्वतःला इंजिनियर म्हणवता. मला इतकं हसू आलं की बशीतला चहा साडीवर सांडला, तोही तुझ्याच.

तुझी एक खोड मात्र मला कधी आवडली नाही. माझ्या मराठीची तू जी परीक्षा घ्यायचीस ना, ती. माझा जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची. घरात मराठी बोलत असलो तरी कानाकोपऱ्यातले शब्द कधी कानावर पडलेच नाहीत, त्याला मी काय करू? मला पोटरी कुठे आणि घोटा कुठे ते सांगता आलं नाही, तेव्हा तू कपाळाला हात लावलास. लग्न होऊन आलीस ती तू हिंदूराव हॉस्पिटलच्या जवळ राहिलीस, आणि त्या नावाचा तुला कोण अभिमान. रिजच्या टेकडीवरचं एवढं मोठं हॉस्पिटल आपल्या मराठी माणसाच्या नावाने उभं आहे आणि या मुलीला पोटरी माहीत नाही, असं तू चारचौघांत सांगायचीस. रिक्षावाल्यांनासुद्धा ऐकवायचीस, त्यातली पोटरी वगळून. आता मला पोटरी, घोटा, मांडी, नडगी सगळं पाठ आहे, पण विचारणार कोण.

तर बटण. आपल्या सोसायटीत एकटी राहणारी वयस्कर माणसं बरीच, म्हणून कमिटीच्या अ‍ॅपमध्ये एक लाल "मदत" बटण बसवायचं ठरलं. ते दाबलं की गेटवरच्या गार्डरूममधल्या टॅबलेटची बेल वाजणार, फ्लॅट नंबर दिसणार आणि गार्ड वर धावणार; अ‍ॅप माझं, म्हणून तीच सूचना माझ्या फोनवरही येणार. भाटियाजींनी ते काम माझ्या गळ्यात घातलं आणि चाचणीसाठी मी तुला धरलं. तू लगेच तयार झालीस. घाबरलेली म्हातारी कशी दाबेल तशी दाबून दाखवते, म्हणालीस.

पहिल्या खेपेला मी आवर घातलाच नव्हता. तू वर अशी काही दाबत सुटलीस की खाली टॅबलेट शाळा सुटल्यासारखा घणघणायला लागला. दिवसपाळीचा आपला रामकिशन नवा होता बिचारा. त्याला वाटलं आग लागली. तो लाल सिलिंडर खांद्यावर घेऊन तुझ्या अकराव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढून आला, कारण आगीत लिफ्ट वापरायची नसते एवढं त्याच्या ट्रेनिंगमध्ये पक्कं झालेलं. तू त्याला खुर्ची दिलीस, पाणी दिलंस, चिवडा दिलास आणि त्याची धाप बघून मला म्हणालीस की याला रोज पळवायला हवं. मी ते हसण्यावारी नेलं.

मग मी डिबाउन्स घातला. तुझ्या भाषेत सांगायचं तर, बटण दाबलं की लगेच काही करायचं नाही, तीन सेकंद वाट बघायची. तेवढ्यात पुन्हा दाबलं तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. दाबणारा थांबला, तीन सेकंद शांत गेले, की मगच एकदा बेल. शोधायच्या चौकटीत आम्ही हेच करतो. माणूस टाइप करायचा थांबला की मग शोधायला लागतो, दर अक्षराला धावत नाही. मला वाटलं, झालं काम, बिल्कुल परफेक्ट. मी गार्डरूममध्ये रामकिशनशेजारी उभी राहिले, फोन स्पीकरवर ठेवला आणि तुला सुरू कर म्हटलं.

तू कवायतीच्या ठेक्यात "एक दोन, एक दोन" म्हणत दाबायला लागलीस. खाली टॅबलेटने मौन धरलेलं. रामकिशन एकदा त्याच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. तुझं एक दोन चालूच. शेवटी मी ओरडले की काकू, जरा थांब, तू थांबलीस की वाजेल. तू थांबलीस, तीन सेकंद गेले आणि बेल वाजली. मी मान ताठ करून रामकिशनकडे बघितलं, तेवढ्यात स्पीकरवर तुझा आवाज आला.

"म्हणजे केतकी, माणूस घाबरून दाबत राहिला तर तुझं यंत्र गप्प. दाबणं बंद पडलं की ते जागं होणार. पण दाबणं का बंद पडलं, ते कोण बघणार गं?"

रामकिशनला मराठी येत नाही, पण त्यानेही मान हलवली. मी लॅपटॉप मिटला. त्या दिवशी तुझा राग आला होता मला, आता सांगायला हरकत नाही. ऑफिसात माझा कोड तपासणारी माणसं आहेत, मोठ्या डिग्र्यांची, आणि त्यांतल्या एकालाही मी असा प्रयोग करून दाखवला नव्हता. दाखवला असता तरी त्यांना ही चूक कदाचित दिसली नसती.

मग मंडळाच्या गणपतीचं जेवण आलं. तुझ्या हातात वरणाचं भांडं होतं आणि माझ्या हातात जिलब्यांचं ताट, कारण तू मला पदर खोचायला लावून कामाला जुंपलं होतंस. मी उत्साहाच्या भरात एकाच आजोबांना लागोपाठ आग्रह करत होते आणि ते दोन्ही हात पानावर आडवे धरून बसले होते. तू मला बाजूला ओढलंस आणि तिथेच, वरणाचं भांडं कमरेवर घेऊन, शिकवणी घेतलीस. जिलबी वाढायची ती पानावरचा हात थांबला की. खाणाऱ्याला आधी खाऊ द्यायचं, थांबला की विचारायचं. वरणभाताची गोष्ट वेगळी. त्याची फेरी असते. पानं मांडली, माणूस भुकेला बसला, की पहिली फेरी लगेच, कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. मग फेरी चालू असताना कुणी कितीही हाका मारल्या तरी उलटं फिरायचं नाही, नाहीतर शेवटचं पान उपाशी राहतं. आणि फेरी संपली की बघायचं, मधे कुणी हाक मारली होती का. मारली असेल तर त्याच्याकडे एकदा जायचंच, तो आता गप्प बसला असला तरी. हे सगळं सांगून झाल्यावर तू भुवई उडवून मला विचारलंस, "आता सांग, तुझं ते बटण जिलबी आहे की वरण?"

काकू, खरं सांगते, थ्रॉटल म्हणजे काय हे मी नव्या मुलांना ऑफिसात कितीदा शिकवलं असेल, पण एवढं नीट मला कधी सांगता आलं नव्हतं. घरी जाऊन मी ते तसंच्या तसं लिहिलं. पहिला दाब लगेच जाणार. मग दहा मिनिटं त्याच फ्लॅटमधून कितीही दाबलं तरी दुसरी बेल नाही. दहा मिनिटं संपली आणि मधे कुणी दाबलेलं असलं, तर शेवटी पुन्हा एकदा बेल. त्या फंक्शनचं नावच मी "फेरी" ठेवलं. रामकिशनचे कान वाचले, भाटियाजी खूश झाले आणि तू मला पुरणपोळी खायला घातलीस.

आणि मग तू रोज चारला बटण दाबायला लागलीस. रामकिशन जिन्याने वर यायचा, तू दार उघडून म्हणायचीस की अरे भैया, ग़लती से दब गया. तो तुझ्याकडे चहा प्यायचा आणि खाली जायचा. वर जाऊन आल्यावर गार्डला टॅबलेटवर दोनपैकी एक निवडावं लागतं, खरी मदत की चुकून. तुझ्या फ्लॅटपुढे "चुकून"ची रांग लागली. भाटियाजींचं डोकं फिरायला लागलं. गेट सोडून गार्ड रोज चहाला जातो, उद्या खरंच कुणाला गरज पडली आणि गार्डने आळस केला तर जबाबदार कोण, असं ते मला विचारायचे. त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. मी तुला सुचवून बघितलं की रामकिशनला नुसतं सांगून ठेव, रोज येत जाईल. तू म्हणालीस की सांगितलेलं काम माणूस दोन दिवस करतो, बेल वाजली की मात्र त्याचे पाय आपोआप निघतात.

मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. म्हणून एकदा चारला मी तुला रंगेहाथ पकडायला जिन्याने दबकत वर आले. रामकिशन तुझ्या दारात नव्हताच. तो समोरच्या दारापाशी उभा होता, वर्माजींच्या, हातात तुझा स्टीलचा चिवड्याचा डबा. टोपी सरळ करून त्याने बेल मारली आणि ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाला, "सर, रूटीन चेकिंग." आणि वर्माजींनी दार उघडलं, साखळी न लावता, पूर्ण उघडलं.

वर्माजी कसे आहेत ते आपल्या मजल्यांवर सगळ्यांना माहीत आहे. बायको गेल्यापासून एकटे, कुणाला कशाचा त्रास द्यायचा नाही हा एकच नियम. गेल्या थंडीत तापाने फणफणून पडले होते, पण दारात दुधाच्या पिशव्या साचलेल्या तू बघेपर्यंत त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. नंतरही तू विचारायला गेलीस की साखळीआडून "सब ठीक है, बहनजी" एवढंच. बनियनवर बहनजींसमोर कसं यायचं, ही त्यांची अडचण. त्यांच्या फोनवर अ‍ॅप मीच टाकून दिलं होतं. किसी को क्यों तकलीफ़ दें, म्हणून त्यांनी ते एकदाही उघडलं नव्हतं. पण वर्दीतला माणूस ड्यूटीवर आला म्हटल्यावर दार उघडणं भाग होतं. मी जिन्यात उभी, तू तुझ्या दारात. तू मला पाहिलंस, ओठांवर बोट ठेवलंस आणि डोळे मिचकावलेस. मी आल्या पावली खाली गेले. त्यानंतर मी काही विचारलं नाही आणि तू काही सांगितलं नाहीस. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता, हे तरी मी बोलायला हवं होतं.

तरीही आपलं भांडण चालूच राहिलं, कारण भाटियाजींनी नवी टूम काढली. पहिला दाब दहा सेकंद रोखायचा, स्क्रीनवर "रद्द करा" असं मोठं बटण दाखवायचं. हात चुकून लागला असेल तर माणूस रद्द करेल आणि गार्डची खेप वाचेल. मला ते पटलं होतं, काकू. खोट्या बेलांना माणसं सरावतात आणि खऱ्या बेललाही सावकाश निघतात, हे मी तुला परोपरीने सांगितलं. तू म्हणायचीस की पहिल्या शिट्टीला जो हलत नाही तो दहाव्या शिट्टीलाही हलणार नाही. मी म्हणायचे की माणसं तुझ्या शाळेतली पोरं नाहीत. तू म्हणायचीस की तेच तर, पोरं निदान ओरडून सांगतात. असं किती चहा आपण थंड केले. पुण्याला मिलिंदकडे गेलीस तिथूनही तू मला बोलून मेसेज पाठवलास: "दहा सेकंदांत शंभर मीटरची शर्यत संपते, बाळा. आले की बघते तुला."

त्याचं उत्तर मी दिलंच नाही. जोरदार उत्तर द्यायचं म्हणून जुळवाजुळव करत होते आणि तू तेवढ्यात मैदान सोडलंस. जेवण झालं, आडवी होते म्हणालीस, चारला उठव म्हणून मिलिंदला बजावलंस. तो चारला उठवायला गेला. काकू, इतकं शिस्तीत कुणी जातं का गं?

इथे सोसायटीत शोकसभा झाली तेव्हा भाटियाजी बोलायला उठले आणि दोन वाक्यांनंतर डोळे पुसत खाली बसले. माणूस वाईट नाही, हे तूही म्हणायचीस. पण सेक्रेटरी तो सेक्रेटरीच. चार दिवसांनी मला लिफ्टमध्ये गाठून हळूच म्हणाले की आंटीजी होत्या तोवर मी गप्प बसलो, आता ते दहा सेकंदांचं करून टाक, रविवारच्या मीटिंगमध्ये मंजूर करून घेऊ. मी हो म्हटलं. वाद घालायला तू नव्हतीस, आणि माझ्याच मुद्द्याविरुद्ध मी काय बोलणार होते?

शनिवारी दुपारी लॅपटॉप उघडला. "फेरी" समोर आली. तिच्या आधी दहा सेकंदांची वाट घालायची, म्हणजे जेमतेम चार ओळींचं काम. पण त्यात मी दुपार घालवली. एक ओळ लिहायची, उठून खिडकीत जायचं, परत यायचं. तू असतीस तर खुर्चीचे खिळे टोचतायत का विचारलं असतंस. लिहून झालं, माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितलं, छान चाललं. आता फक्त सोसायटीच्या अ‍ॅपवर चढवायचं बाकी होतं. तेवढ्यात माझा फोन टेबलावर थरथरला. चार वाजले होते.

क्षणभर मला तुझाच नंबर दिसला. मग कळलं की शेवटचा आकडा वेगळा आहे. समोरचा फ्लॅट. वर्माजी.

मी चपला न घालताच नवव्या मजल्यावरून जिन्याने धावत सुटले. अकराव्यावर पोचते तर रामकिशन माझ्या आधी हजर, आणि त्याला धापसुद्धा लागलेली नव्हती. वर्माजी दार सताड उघडं टाकून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, केस पाणी लावून बसवलेले, आणि हातात तुझा स्टीलचा डबा. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत ते म्हणाले, "ग़लती से दब गया, बेटा."

मग त्यांनी डबा पुढे केला. बहनजींचा डबा राहून गेला होता, म्हणाले. रिकामा कसा परत करणार, म्हणून त्यात तळलेली खारी मठरी भरली. भरल्यावर लक्षात आलं की परत द्यायला समोर आता कुणी नाही. चार वाजेपर्यंत वाट बघितली, बेल वाजली नाही, गार्ड आला नाही. तेव्हा त्यांनी ते अ‍ॅप उघडलं. हे सगळं ते इतकं अवघडून सांगत होते की मी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून मठरी त्यांनी स्वतः केली का विचारलं. ते म्हणाले, थोड़ी जल गई है.

रामकिशनने टॅबलेटवरच्या दोन चौकोनांवर बोट धरून मला विचारलं, "मैडम, इसमें क्या भरूँ?"

वर्माजींनी गळ्याशी लावलेलं शर्टचं बटण चाचपलं. मी म्हटलं, "ग़लती से." तेव्हा कुठे ते हसले आणि आम्हाला आत बोलावलं. चहा आधीच करून ठेवलेला होता. मला तुझी इतकी आठवण आली की मी दोन कप प्यायले, आणि रडण्याचा भाग उरकला म्हणून तुला मघाशी सांगितलं, ते तितकंसं खरं नाही.

काल मीटिंगमध्ये भाटियाजींनी विचारलं, झालं का काम. मी म्हटलं, झालं होतं, पुसून टाकलं. पहिला दाब लगेच जाणार, एक सेकंदही थांबणार नाही. ते म्हणाले, और ग़लती से दबा तो? मी म्हटलं, तो रामकिशन जाएगा, चाय पिएगा, आ जाएगा. आणि वर तुझं शंभर मीटरचं ऐकवलं, तेही तुझ्या आवाजात. सगळे हसले. भाटियाजी चष्मा पुसत म्हणाले की बिल्कुल आंटीजीसारखी बोलायला लागली आहेस, आणि पुढच्या विषयाकडे वळले. मीटिंग संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मागच्या टॉवरमध्ये त्यांची आई दुपारची एकटी असते, तिच्या फोनवर अ‍ॅप टाकून देशील का. मी लगेच टाकून दिलं.

तर काकू, वाद तू जिंकलीस. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नसतं, म्हणून जाऊन बसलीस तिकडे. तुझ्या मेसेजचं उत्तर एवढंच आहे: हो गं, संपते शर्यत.

आता डबा माझ्याकडे आहे. मठरी रामकिशनने आणि मी मिळून संपवली, जळकी होती पण चांगली होती. रिकामा डबा वर्माजींकडे नेला तर तू वरून शिट्टी मारशील. सकाळी चिवडा करायला घेतला तर पोहे करपले आणि दाणे कच्चे राहिले. तुला नीट विचारून घ्यायला हवं होतं, पण तू हातानेच मापायचीस. आता पुन्हा कढई ठेवली आहे, मंद आचेवर, तू सांगायचीस तशी. चारच्या आत चिवडा जमला, तर आज बटण मी दाबणार आहे. चुकून.